मेहनत : एका तक्रारीचा इतिहास

'आताच्या पोरांत ती मेहनत राहिली नाही.' हे वाक्य आम्ही इतक्या ठिकाणी ऐकले आहे की त्याची मोजदाद करणे शक्य नाही. तालमीच्या कट्ट्यावर, मैदानाच्या कडेला, क्रीडादिनाच्या भाषणांत आणि अर्थातच आमच्या अध्यापक-कक्षात. हा लेख आम्ही दोघे मिळून लिहीत आहोत. दोघेही मराठीचे अध्यापक, दोघांनीही चाळिशी ओलांडलेली, आणि दोघांनीही हे वाक्य केव्हा ना केव्हा स्वतः उच्चारलेले. त्यामुळे प्रस्तुत लेखात जी काही उलटतपासणी आहे, तिच्यात पहिले आरोपी आम्हीच आहोत, हे आरंभीच नमूद करतो.

निमित्त असे घडले. कला शाखेच्या द्वितीय वर्षाच्या वर्गात शेवटच्या बाकावर एक विद्यार्थी डोके टेकून झोपला होता. आखूड मान, दुमडलेले कान. तालमीतला मुलगा हे सांगावे लागत नव्हते. आमच्यापैकी एकाने त्याला उभे केले आणि सबंध वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात जुन्या मल्लांच्या कष्टांवर दोन-चार वाक्ये सुनावली. मुलगा मान खाली घालून ऐकत राहिला. तास संपल्यावर तो जवळ आला आणि म्हणाला, "सर, चुकलं. परवा वजन आहे. तीन किलो उतरवायचंय. कालपासून पाणी बंद केलंय, म्हणून डोळा लागला." आम्हाला उत्तर सुचले नाही. कष्टांवर व्याख्यान देणारा पंख्याखाली उभा होता आणि ते ऐकणाऱ्याने आदल्या दिवसापासून पाणी प्यायलेले नव्हते. त्या दिवसापासून आम्ही या प्रश्नाकडे जरा गांभीर्याने पाहू लागलो. आजचे तरुण खेळाडू मागच्या पिढ्यांइतके कष्ट करतात का? आणि हे ठरवायचे कसे?

प्रथम शब्दाकडे पाहू. आपल्याकडच्या तालमीत 'मेहनत' हा शब्द पारिभाषिक आहे. 'मेहनत केली का?' या प्रश्नाचा तिथला अर्थ 'जोर-बैठका झाल्या का?' असा असतो. लढत वेगळी, मेहनत वेगळी. संस्कृत परंपरेतही हेच दिसते; मल्लविद्येच्या ग्रंथांत व्यायामप्रकारांना 'श्रम' म्हटले आहे. म्हणजे कष्ट हा येथे नुसता नैतिक गुण नसून रोज मोजून करावयाची क्रिया आहे. क्रिया मोजता येते आणि जे मोजता येते त्याची तुलनाही करता येते. 'पूर्वीइतकी मेहनत' हा वाक्प्रयोग संभवतो तो यामुळेच.

मराठीच्या विद्यार्थ्याला 'मानसोल्लास' हा ग्रंथ ठाऊक असतो तो आद्य मराठीच्या खुणांसाठी. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराचा हा बाराव्या शतकातील ग्रंथ आपण त्यातल्या मराठी शब्दांपुरता वाचतो आणि मिटून ठेवतो. परंतु त्यात मल्लविनोदाचे एक प्रकरण आहे. मल्लांचे वय, देहयष्टी आणि बळ यांनुसार वर्ग कसे पाडावेत, त्यांच्याकडून कोणते व्यायाम करून घ्यावेत, त्यांचा आहार काय असावा, याचे विवेचन तेथे येते. आम्हाला त्यात विशेष वाटलेली गोष्ट अशी की मल्लाला कडधान्ये, मांस, दूध, साखर पुरवण्याची जबाबदारी ग्रंथकार राजावर टाकतो. श्रम मल्लाने करायचे. ते करता येतील अशी सोय राजाने करायची. आठ-नऊशे वर्षांपूर्वीच्या या मजकुरात मेहनतीचा हिशेब दोन रकान्यांत मांडलेला आहे. आपल्या आजच्या तक्रारीत त्यातला एकच रकाना उरला आहे, आणि तो तरुणांचा आहे.

आता आकड्यांकडे येऊ. जुन्या मल्लांविषयी बोलताना आकडे हटकून येतात. गामा पैलवानाच्या नावावर दिवसाला तीन हजार जोर आणि पाच हजार बैठका सांगितल्या जातात. आम्ही एकदा कागदावर हिशेब मांडला. एका जोरास चार सेकंद धरले तर तीन हजार जोरांस ३ तास २० मिनिटे लागतात. एका बैठकीस दोन सेकंद धरले तर पाच हजार बैठकांस सुमारे पावणेतीन तास. एकूण सहा तास, विसाव्याविना. त्यानंतर लढती. हे अगदी अशक्य आहे असे आम्ही म्हणणार नाही. गामा हा गामा होता. परंतु वाचकांच्या लक्षात येईल की 'तीन हजार' आणि 'पाच हजार' हे आकडे हिशेबाच्या वहीतले वाटत नाहीत. ते पूर्णांकी आहेत, गोल आहेत, जिभेवर बसणारे आहेत. पोवाड्यातल्या सैन्याची संख्या आपण जशी वाचतो तसेच ते वाचले पाहिजेत. साहित्याचे अध्यापक म्हणून आम्हाला अतिशयोक्ती अलंकार ओळखता येतो. तालमीतल्या आठवणी ऐकताना मात्र आम्ही तो अलंकार विसरतो आणि आकडा पुरावा म्हणून स्वीकारतो.

दुसरी अडचण आठवणींच्या स्वरूपातच आहे. गौरवग्रंथ, स्मरणिका, मुलाखती ही जी साधने आपल्याकडे आहेत ती जिंकलेल्यांची आहेत. ज्याच्या गुडघ्याने दगा दिला, ज्याच्या घरी दुभते जनावर विकले गेले, जो खुराकाअभावी दोन वर्षांत गावी परतून नांगर धरू लागला, त्याची स्मरणिका निघत नाही. म्हणून 'मागची पिढी' म्हणून आपल्यासमोर उभे राहतात ते त्या पिढीतले निवडक शिखरपुरुष; आणि 'आजची पिढी' म्हणून समोर येतो तो शेवटच्या बाकावर झोपलेला कुणीही मुलगा. ही तुलना न्यायाची नाही.

ही तक्रार नवीनही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देशी माणसाचे शरीर खालावले, इंग्रजी शाळेने मुले किरकोळ झाली, ही चिंता सुशिक्षितांत सर्वत्र होती. १८७० च्या दशकात डेक्कन कॉलेजात आलेल्या तरुण टिळकांनी प्रकृती सुधारण्यासाठी पहिले वर्ष व्यायामाला वाहिले आणि त्या वर्षी ते परीक्षेत नापास झाले, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. पुढे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनी 'व्यायाम ज्ञानकोश' अनेक खंडांत सिद्ध केला. जोर-बैठका, मल्लखांब, कुस्तीचे डावपेच हे सारे ग्रंथबद्ध करण्याची निकड भासते, तेव्हा ते आपल्या हातून निसटत आहे ही भीतीही त्यामागे असणार, असा आमचा तर्क आहे. म्हणजे ज्या पिढीचे दाखले आज आपण देतो, ती पिढी वाढत होती तेव्हा तिच्याही डोक्यावर हीच तक्रार घोंगावत होती.

कोल्हापूरचे उदाहरण या संदर्भात फार बोलके आहे. शाहू महाराजांनी कुस्तीला जो आश्रय दिला त्याचा पुनरुच्चार करण्याचे कारण नाही. १९०२ साली ते विलायतेस गेले असता रोममधील प्राचीन क्रीडागार त्यांच्या पाहण्यात आले आणि त्यावरून खासबाग मैदानाची कल्पना सुचली असे सांगतात. १९१२ साली ते मैदान सिद्ध झाले. कुठूनही बसले तरी हौदा दिसावा अशी त्याची उतरती रचना आजही पाहणाऱ्याला चकित करते. लाल माती, तीत ताक-तेल-हळद, पेठापेठांतून तालमी, उत्तरेकडून येणारे नामांकित मल्ल आणि या सगळ्याच्या मागे दरबारचा खर्च. 'मानसोल्लास'मधला तो दुसरा रकाना येथे प्रत्यक्ष भरलेला दिसतो. १९२२ मध्ये महाराज गेले; १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. राजाश्रयाची जागा भरून निघण्यास बराच काळ लागला. पुढे सहकारी साखर कारखान्यांनी मल्लांना मानधन देण्यास सुरुवात केली, 'महाराष्ट्र केसरी'सारख्या स्पर्धा उभ्या राहिल्या आणि १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत मारुती माने आणि गणपतराव आंदळकर यांनी सुवर्णपदके मिळवली. परंतु एक आश्रय संपला होता आणि दुसरा आला नव्हता, अशी मधली काही वर्षे होती. खाशाबा जाधव नेमके त्या वर्षांतले.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने. मातीत वाढलेला हा मल्ल तेथे प्रथमच गादीवर लढला आणि सहावा आला. चार वर्षांनी हेलसिंकीला जायचे ठरले तेव्हा संस्थान उरले नव्हते. पैशासाठी दारोदार जावे लागले. गावाने वर्गणी काढली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले, ही हकीकत खाशाबांच्या प्रत्येक चरित्रात येते. १९५२ च्या जुलैत खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराडला शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. परतल्यावर त्यांनी कुस्त्या लावून प्राचार्यांचे पैसे फेडले असेही सांगितले जाते. १९५५ मध्ये ते पोलीस उपनिरीक्षक झाले. १९८४ मध्ये अपघाती निधन पावले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

या चरित्राकडे पाहताना आम्हाला एक प्रश्न पडतो. खाशाबांच्या कष्टांत जोर-बैठका किती आणि वर्गणीसाठी घातलेले हेलपाटे किती? आपण या दोहोंना मिळून 'मेहनत' म्हणतो आणि नव्या पिढीला सांगतो की तुमच्यात ती नाही. पण वर्गणीचे हेलपाटे हे कष्ट गौरवावे असे नव्हेत. ती आपल्या व्यवस्थेची नामुष्की होती. उद्याच्या मुलाला असे हेलपाटे घालावे लागले नाहीत तर त्याची मेहनत कमी झाली असे म्हणायचे, की आपले थोडे देणे फिटले असे म्हणायचे?

मेहनतीचा आकारही बदलला आहे. जुन्या निकाली कुस्तीला घड्याळ नव्हते. चितपट होईतो झुंज. १९१० साली लंडनमध्ये गामा आणि झिबिस्को यांची कुस्ती अडीच तासांहून अधिक चालली. मात्र त्यातला बराच काळ झिबिस्को जमिनीला चिकटून पडून होता, हेही वर्णनांत येते. दीर्घ काळ म्हणजे दीर्घ श्रम असे समीकरण मांडण्यापूर्वी हा तपशील आठवावा. खाशाबांच्या काळी आंतरराष्ट्रीय लढत पंधरा मिनिटांपर्यंत चाले. आज तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात. सहा मिनिटांत सारे बळ ओतायचे तर शरीर निराळ्या पद्धतीने घडवावे लागते: दोर, धावण्याचे छोटे झपाटे, वजने, आणि एकाच डावाची गादीवर शेकडो आवर्तने. जुन्या वस्तादाला यात 'मेहनत' दिसत नाही, कारण त्याच्या डोळ्यांना हजाराच्या संख्येची सवय आहे.

आणि वजनाचा तो प्रश्न. मातीतल्या जुन्या मल्लाचे ध्येय अंग भरणे हे होते. बदाम, तूप, दूध, थंडाई. खुराक पचवणे हीच एक विद्या मानली जाई. आजच्या मल्लाला अंग भरायचे आहे आणि वजनाच्या आदल्या दिवशी ते आटवायचेही आहे. ७ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये अंतिम फेरी गाठलेल्या विनेश फोगटला ५० किलो गटात अवघे १०० ग्रॅम वजन जास्त भरले म्हणून अपात्र ठरवले गेले. तहानेची ही मेहनत जुन्या हिशेबात कुठे बसवायची? ती स्मरणिकेत येत नाही. ती शेवटच्या बाकावर झोपलेली दिसते.

कुस्तीत जोडी बदलते, म्हणून तुलना अवघड. मग जिथे घड्याळच पंच आहे तिथे पाहू. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातील मांडवा या गावचा अविनाश साबळे शेतकऱ्याचा मुलगा, पुढे सैन्यात दाखल झालेला. ३,००० मीटर स्टीपलचेस या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ पाण्यावरच्या उड्या असतात. गोपाल सैनी यांनी १९८१ मध्ये केलेला ८ मिनिटे ३०.८८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम ३७ वर्षे अबाधित होता. साबळेने तो २०१८ मध्ये मोडला आणि मग स्वतःचेच विक्रम मोडत २०२४ च्या जुलैत ८ मिनिटे ९.९१ सेकंदांपर्यंत आणला. जवळजवळ २१ सेकंदांचा फरक. यावरून साबळेने सैनींपेक्षा अधिक कष्ट केले असे सिद्ध होते का? आमच्या मते होत नाही. उंचावरचा सराव, बूट, आहारशास्त्र, परदेशी स्पर्धांची संधी, हे सारे त्या सेकंदांत मिसळलेले आहे. पण मग उलट बाजूही मान्य करावी लागते: घड्याळ जिथे आजच्या बाजूने साक्ष देते तिथेही ती आपण कष्टांची साक्ष मानत नाही, तर केवळ आठवणींवर विसंबून कालची मेहनत मोठी कशी ठरवायची?

कोल्हापूर जिल्ह्यातच आणखी एक उदाहरण आहे. १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकले. खाशाबांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेले हे वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गुडघ्यावर, पालथे पडून आणि उभ्याने, अशा तीन स्थितींत रायफल स्थिर धरायची. या खेळातली मेहनत म्हणजे न हलणे. घाम गळत नाही, छाती फुलत नाही, बघणाऱ्याला काही घडते आहे असेही वाटत नाही. राज्याची क्रीडा प्रबोधिनी आणि रेल्वेतली नोकरी, म्हणजे पुन्हा तो दुसरा रकाना, या स्थिरतेच्या मागे होता. ही एकाग्रता आणि हजार बैठका एका तराजूत घालता येतील असे आम्हाला वाटत नाही.

'मागच्या पिढ्या' या शब्दांत कोण येते हाही प्रश्न विचारला पाहिजे. आमच्या लहानपणी तालमीच्या उंबऱ्याआत मुलगी जात नसे. महिलांची कुस्ती ऑलिंपिकमध्ये आली ती २००४ साली. महिलांची पहिली 'महाराष्ट्र केसरी' स्पर्धा २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीत झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. पुरुषांची स्पर्धा त्याआधी सहा दशके चालू होती. साताऱ्याच्या माण तालुक्यातली ललिता बाबर २०१६ साली रिओमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. या मुलींना 'पूर्वीइतकी मेहनत करा' असे सांगताना त्यांच्यासमोर कोणता पूर्वकाळ ठेवायचा? त्यांच्या कष्टांत घरच्यांना, गावाला आणि वस्तादाला राजी करण्याचे कष्ट मिळवावे लागतात, आणि त्यांना कोणत्याही ज्ञानकोशात नाव नाही.

असे असले तरी वस्तादाची तक्रार निव्वळ म्हातारपणाची कुरकुर म्हणून झटकून टाकणे आम्हाला मान्य नाही. काही गोष्टी खरोखर हरवल्या आहेत. मागच्या पिढीचे खेळाडू व्यायाम सुरू करण्यापूर्वीच शेतात राबलेले, मैलोगणती चाललेले असत. आजच्या अनेक मुलांचा देह पहिला भार उचलतो तो थेट व्यायामशाळेत, आणि मग तो लवकर मोडतो. पहाटे हौद्याची माती खणण्यात व्यायामाबरोबर जी सामुदायिकता होती, ती गादीची झाकण उघडण्यात नाही. उत्तेजक द्रव्यांचा मोह आणि फळ ताबडतोब हवे ही घाई, या गोष्टी वस्तादांच्या चिंतेत असतात आणि त्या खऱ्या आहेत. मात्र बारकाईने पाहिले तर यातली प्रत्येक गोष्ट परिस्थितीची आहे. ती मुलाच्या आळसाची आहे असे सहसा दिसत नाही. घाई त्याला कुणी शिकवली? भरतीची वयोमर्यादा, गुणांचे आरक्षण, एका पदकावर टांगलेली नोकरी, हे नियम त्याने केलेले नाहीत.

शेवटी आम्ही पुन्हा खर्डेकरांपाशी येतो. खाशाबांची गोष्ट आपण विद्यार्थ्यांना सांगतो ती त्यांनी खाशाबांसारखे व्हावे म्हणून. त्या गोष्टीत एक प्राध्यापकही आहे, आणि त्याच्यासारखे कुणी व्हायचे, हा प्रश्न आम्ही अध्यापकांनी कधी स्वतःला विचारला नव्हता. मागच्या पिढीतले खेळाडू अधिक कष्ट करीत होते की नाही, हे पुराव्याने ठरवता येईल असे आम्हाला वाटत नाही. परंतु मागच्या पिढीतल्या एका शिक्षकाने आपल्या विद्यार्थ्यासाठी घर गहाण टाकले आणि आम्ही आमच्या विद्यार्थ्याला तहानलेला असताना उभे करून बोललो, ही तुलना मात्र करता येते, आणि ती आमच्या बाजूने जात नाही.

त्या मुलाच्या हजेरीचा प्रश्न सत्राअखेरीस आला. ७५ टक्क्यांचा नियम आहे आणि तो त्यात बसत नव्हता. स्पर्धांचे दाखले मागवून, पत्रव्यवहार करून, दोन-तीन कार्यालयांचे उंबरे झिजवून आम्ही तो प्रश्न सोडवला. घर गहाण टाकण्यापुढे हे काहीच नाही, याची आम्हाला जाणीव आहे. त्या स्पर्धेत तो दुसऱ्याच फेरीत हरला होता. त्याचे नाव कोणत्याही स्मरणिकेत येणार नाही. आता तो वर्गात पहिल्या बाकावर बसतो. कधी डोळा लागला तर आम्ही आवाज थोडा खाली आणतो आणि शिकवणे चालू ठेवतो.